वायुक्षेत्र म्हणजे टाकी नव्हे

नैसर्गिक वायूवरील धडा उघडला की एक आकृती हमखास भेटते. घुमटाकार खडक, त्याखाली पिवळा वायू, त्याखाली निळे पाणी आणि वरून सोडलेली नळी. शेजारी गणित : साठा भागिले वार्षिक उत्पादन, म्हणून इतकी वर्षे पुरेल. या मांडणीवर आमचा आक्षेप आहे. मुलांना वाटते, भूगर्भात पोकळ टाकी आहे आणि ती शेवटच्या दिवसापर्यंत सारख्याच धारेने वाहणार.

प्रत्यक्षात वायू वालुकाश्माच्या सूक्ष्म छिद्रांत कोंडलेला असतो आणि स्वतःच्या दाबाने वर येतो. जसजसा तो काढावा तसतसा दाब उतरतो, नळीतला वेग मंदावतो. वेग पुरेसा असेतो वायू पाण्याचे थेंब सोबत उडवून नेतो. मर्यादेखाली गेला की पाणी तळाशी साचते. (या मर्यादेचे सूत्र टर्नर, हबर्ड आणि डकलर यांनी १९६९ साली मांडले.) शंभर मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ वातावरणाच्या सुमारे दहापट दाब देतो. म्हाताऱ्या क्षेत्रातली विहीर तेवढ्याने गुदमरते. वायू मात्र खाली शिल्लकच!

उपाय पाहण्याजोगे आहेत. आत आणखी बारीक नळी सोडली की तेवढाच वायू अधिक वेगाने धावतो. पण तीच नळी तरुण विहिरीत घातली तर घर्षणाने उत्पादन घटते. साबणासारखे द्रव्य सोडून पाण्याचा हलका फेस करता येतो. किंवा कॉम्प्रेसर बसवून विहिरीच्या तोंडाशी दाब कमी करता येतो. म्हणजे किती वायू हाती येईल हे खडकाइतकेच नळीच्या व्यासावर आणि निर्णयाच्या वेळेवर ठरते. धड्यात याचा उल्लेखही नसतो.

भागाकारात न मावणारी आणखी एक गोष्ट नेदरलँड्समधील ग्रोनिंगेनने दाखवली. १९५९ साली सापडलेल्या, सुमारे ३ किलोमीटर खोल असलेल्या या क्षेत्रात दाब घटला तसा वालुकाश्म वरच्या भाराने दबला आणि जुन्या भ्रंशांवर धक्के बसू लागले. १६ ऑगस्ट २०१२ रोजी ३.६ तीव्रतेचा भूकंप झाला. हजारो घरांना तडे गेले. टप्प्याटप्प्याने कपात होत १ ऑक्टोबर २०२३ रोजी नियमित उत्पादन थांबले, २०२४ मध्ये कायद्याने कायमचे. चारशे अब्ज घनमीटरांहून अधिक वायू तिथेच राहिला.

पुढच्या आवृत्तीत त्या भागाकाराच्या जागी वर्षागणिक उतरत्या दाबाचा एक साधा आलेख छापला तरी नववीच्या वर्गाला पुष्कळ झाले.