फाईलचे स्वरूप आणि उघडण्याचा वेग : एक चिकित्सा

‘खुल्या स्वरूपातील फाईल संथ उघडते’ हा आक्षेप ओपनऑफिसच्या काळापासून घेतला जातो आणि आज तोच लिब्रेऑफिसच्या विरोधात पुढे केला जातो. या आक्षेपात तथ्य आहे. परंतु त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष तपासून पाहणे आवश्यक वाटते.

मायक्रोसॉफ्टची जुनी ‘डॉक’ व ‘एक्सएलएस’ ही बायनरी स्वरूपे त्या काळच्या मंद संगणकांसाठी घडविली गेली होती. प्रोग्रॅमच्या स्मृतीतील रचना बरीचशी तशीच डिस्कवर उतरत असल्याने वाचताना अर्थ लावण्याचे श्रम कमी पडत. वर्डमधील ‘फास्ट सेव्ह’ या सोयीत तर नवे बदल फाईलच्या शेवटी जोडले जात आणि खोडलेला मजकूर आतच शिल्लक राही. वेगाची ही किंमत वापरणाऱ्याच्या सहसा लक्षातही येत नसे.

याउलट २००५ मध्ये ओएसिसने आणि २००६ मध्ये आयएसओने प्रमाणित केलेले ‘ओडीएफ’ म्हणजे झिप केलेल्या एक्सएमएल मजकुराचे गाठोडे होय. ते प्रथम सोडवावे लागते. मग एकेक खूण वाचून तक्ता पुन्हा उभा करावा लागतो. अंकही तेथे अक्षररूपात असतात. हजारो ओळींच्या गुणपत्रकात हे श्रम जाणवतात, दोन पानांच्या पत्रात नाहीत.

मात्र मायक्रोसॉफ्टचे ‘एक्सएलएसएक्स’ हेदेखील ऑफिस २००७ पासून झिप व एक्सएमएलच आहे, याचा आक्षेपकांना विसर पडतो. मोठ्या तक्त्यांसाठी त्याच आवृत्तीत ‘एक्सएलएसबी’ हे बायनरी स्वरूप द्यावे लागले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. एक्सएमएलचा भार दोघांनाही वाहावा लागतो. उरलेला फरक वाचणाऱ्या प्रोग्रॅमच्या बांधणीचा असतो. शिवाय पहिली फाईल उघडताना जाणारा वेळ पुष्कळदा प्रोग्रॅम सुरू होण्याचाच असतो. लागोपाठ दुसरी फाईल उघडून पाहिल्यास हे ध्यानात येते. पण इतकी साधी तपासणीही सहसा केली जात नाही.

ओडीएफचे गाठोडे सोडवले, तर आतील मजकूर साध्या संपादकातही वाचता येतो. बायनरी ‘डॉक’ची तशी सोय नाही, त्याचा तपशील सर्वांना मुक्तपणे उपलब्ध झाला तो २००८ मध्ये. मराठीपुरते पाहता, युनिकोडपूर्व फाँटांत टंकलिखित केलेले कितीतरी प्रबंध ‘डॉक’मध्ये पडून आहेत. ते क्षणार्धात उघडतात आणि तो फाँट संगणकावर नसल्यास पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. हा दोष फाईलच्या स्वरूपाचा नसून अक्षरसंकेतनाचा आहे, हे मान्य; तथापि केवळ उघडण्याचा वेग मोजणाऱ्या परीक्षेत तो पकडलाच जात नाही.