प्रश्नावलीसमोर मुली खरं सांगतात का? एका गाजलेल्या पेपरचं वाचन

पीएचडीच्या मुलाखतीत "डेटा कसा गोळा करणार?" असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: "प्रश्नावली देणार, सर." विषय वाचनाच्या सवयींचा असेल तर ठीक आहे. पण विषय कॉलेजातल्या मुलींचं लैंगिक आरोग्य आणि एचआयव्हीचा धोका असा असेल तर? तिथे नुसती प्रश्नावली कितपत पुरते हे बघायला आज मिशेल अलेक्झांडर आणि टेरी फिशर यांचा 'जर्नल ऑफ सेक्स रिसर्च'मधला २००३ सालचा पेपर घेऊ.

प्रयोग साधा आहे. अमेरिकेतले सुमारे २०० अविवाहित विद्यार्थी-विद्यार्थिनी, प्रश्नावली सगळ्यांना तीच, परिस्थिती मात्र तीन. पहिल्या गटाला वाटतं की आपली उत्तरं समोरची व्यक्ती पाहू शकते. दुसऱ्या गटाला पूर्ण अनामिकता. तिसऱ्या गटाच्या अंगाला तारा जोडून सांगितलं की हे यंत्र खोटं पकडतं. यंत्र अर्थातच नकली. या पद्धतीला 'बोगस पाइपलाइन' म्हणतात.

आतापर्यंत किती जोडीदार, या प्रश्नावर मुलींची सरासरी पहिल्या गटात २.६, दुसऱ्यात ३.४ आणि तिसऱ्यात ४.४ आली. मुलांची अनुक्रमे ३.७, ४.२ आणि ४.०. म्हणजे मुलांचा आकडा फारसा हलला नाही, मुलींचा हलला. 'मुलं आणि मुली यांच्या वागण्यात फरक' म्हणून आपण जे वाचतो, त्यातला काही भाग वागण्यातला नसून सांगण्यातला आहे, हा लेखकांचा निष्कर्ष. इथपर्यंत पेपर भक्कम आहे. एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं तेच ठेवायचं, हे शिकायला हा नमुना उत्तम.

आता माझे आक्षेप.

पहिला, नमुन्याचा. २०० जण, त्यात मुलं-मुली आणि तीन परिस्थिती. भागाकार करा: प्रत्येक गटात जेमतेम तीस-पस्तीस मुली. जोडीदारांची संख्या अशी गोष्ट आहे की एक-दोन मोठे आकडे आले तरी सरासरी सरकते. वर लेखकांनी स्वतःच म्हटलंय की हा कल सर्वांत स्पष्ट दिसला तो हस्तमैथुन आणि अश्लील साहित्य पाहणं अशा बाबतींत. तरी चर्चेत राहिले जोडीदारांचेच आकडे. पेपर वाचताना सारांशातलं वाक्य आणि लोकांच्या तोंडातलं वाक्य वेगळं असू शकतं, हे लक्षात ठेवा.

दुसरा आक्षेप जास्त महत्त्वाचा. ४.४ हा 'खरा' आकडा आहे, असं कुणी सांगितलं? नकली यंत्राने फक्त दबाव बदलला. सत्य काय, हे तपासायला बाहेरचा पुरावा या प्रयोगात नाहीच. तीन आकडे वेगळे आहेत एवढंच सिद्ध होतं.

बाहेरचा पुरावा असला की काय होतं, हे 'व्हॉइस' चाचणीत दिसलं. दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वेमधल्या ५,०२९ स्त्रिया. सगळ्या विद्यार्थिनी नव्हत्या, पण तरुण आणि बहुतेक अविवाहित. एचआयव्ही टाळण्यासाठी रोज गोळी किंवा जेल वापरायचं होतं. विचारल्यावर वापराचं प्रमाण सुमारे ९० टक्के. औषध दिलेल्या गटांतल्या रक्ताच्या नमुन्यांत मात्र ते सापडलं ३० टक्के किंवा त्याहून कमी नमुन्यांत. २०१५ साली निकाल 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आले: एकाही पर्यायाने संसर्ग कमी झाल्याचं दिसलं नाही. चाचणीदरम्यान ३१२ जणींना संसर्ग झाला. रक्त तपासलं नसतं, तर "बायकांवर हे औषध चालत नाही" असं म्हणून आपण मोकळे झालो असतो.

पुढे यातल्या काहींना त्यांच्या रक्ताचे निकाल दाखवून पुन्हा बोलतं केलं, तेव्हा कारणं बाहेर आली: दुष्परिणामांची धास्ती, इतर सहभागींकडून ऐकलेल्या गोष्टी, आणि ही तर आजारी माणसांची औषधं, लोक काय म्हणतील ही भीती. याला खोटेपणा म्हणून सोडून देणं आळशीपणा आहे. ज्या बाईला खरं सांगितल्यावर काहीतरी गमवावं लागतं, ती जपून बोलणारच.

तिसरा आक्षेप धोक्याच्या व्याख्येवर. अलेक्झांडर-फिशर यांचा प्रश्न 'मुली किती सांगतात' हा आहे, आणि तो त्यांच्यापुरता बरोबर. पण असे आकडे उचलून एचआयव्हीच्या धोक्याचं माप म्हणून वापरले की गडबड होते. एकच जोडीदार असलेल्या स्त्रीलाही संसर्ग होऊ शकतो. त्या जोडीदाराची तपासणी झालीय का, कंडोमचा आग्रह ती धरू शकते का, हे प्रश्न संख्येत येत नाहीत. आपल्याकडे नवऱ्याकडून संसर्ग झालेल्या कितीतरी बायकांची जोडीदारसंख्या 'एक' हीच होती.

मग तुमच्या सिनॉप्सिसचं काय? "माहिती गोपनीय ठेवली जाईल" हे वाक्य आपण सगळेच लिहितो. नंतर मॅडम वर्गात फॉर्म वाटतात, शेजारची मैत्रीण डोकावते आणि गठ्ठा मॅडमच गोळा करतात. ही सरळसरळ अलेक्झांडर-फिशर यांच्या पहिल्या गटाची परिस्थिती झाली! तिथून "९५ टक्के मुली सुरक्षित" असा निष्कर्ष आला, तर उद्या कॉलेज म्हणेल की तपासणी शिबिराची गरजच नाही. त्याची किंमत ज्या मुलीने गप्प राहायचं ठरवलं, तीच मोजणार.

म्हणून फॉर्म बंद पेटीत टाकायची सोय करा. ओळखीच्या शिक्षकांना त्या खोलीबाहेर ठेवा. उत्तरं कुठल्या परिस्थितीत मिळाली, ते पद्धतीच्या प्रकरणात स्पष्ट लिहा. आणि जिथे फक्त सांगितलेलं मोजलंय, तिथे "मुली करतात" असं न लिहिता "मुलींनी सांगितलं" असं लिहा. गाईड म्हणतील, काय फरक पडतो? त्यांना २.६ आणि ४.४ दाखवा.