शुक्रवारचा मोर्चा, रविवारचं रामायण

गेल्या महिन्यात नाशिकरोडच्या बैठकीत एका पोरानं ठराव मांडला : कार्यकर्त्यांनी टीव्हीवरच्या मालिका बघणं बंद करावं. वेळ जातो, डोकं बधिर होतं, वगैरे. पोरगा वाचणारा आहे, उगाच बोलत नाही. पण लगेच दुसरा उठला, ‘मग बाबासाहेबांची मालिका? तीबी नाही बघायची?’ झालं. ठरावातली हवाच गेली. चहा आला आणि जो तो आपापली आवडती मालिका सांगायला लागला. ठराव मांडणारासुद्धा! (त्याची आवडती कोणती ते इथं लिहीत नाही. पोराला वस्तीत तोंड दाखवायचंय.) निघताना पोरं म्हणाली, काका, तुम्ही दूरदर्शनपासून बघताय, तुम्हीच लिहा.

बघतोय खरा. म्हणून दुसऱ्याची झडती घेण्याआधी माझी देतो.

१९८७ साल. मी अकरावीत. रेल्वेलाइनच्या अंगाला आमची वस्ती. सगळ्या आळीत मिळून दोन टीव्ही. त्यातला एक प्रेसमध्ये कामाला असलेल्या मामांकडं. लाकडी शटरचा, ब्लॅक अँड व्हाइट. २५ जानेवारीपासून दर रविवारी सकाळी साडेनऊला रामानंद सागरचं ‘रामायण’ सुरू झालं आणि मामांच्या दारात चपलांचा ढीग पडायला लागला. एरवी छायागीताला आम्ही उंबऱ्यात चपला घालूनच उभे राहायचो. रामायणाला चपला बाहेर. कुणी सांगितलं नव्हतं. आपोआप.

भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्यांच्या खाली टीव्ही. १९५६ साली दीक्षा घेतलेलं घर. मामीनं रामाला उदबत्ती ओवाळली असं मी म्हणणार नाही. तिनं ती बाबासाहेबांच्या फोटोलाच लावली. पण लावायची बरोबर साडेनऊला, आणि धूर काय, दोघांनाही पुरत होता. माझी आई पदर डोक्यावर घ्यायची. मी मांडी घालून पुढं बसायचो. राक्षसांचे बाण आणि देवांचे बाण हवेत भिडायचे तेव्हा मला मजा यायची. खोटं कशाला बोलू?

माझा आजा मात्र रविवार उजाडला की धोतर झटकून स्टेशनावर जाऊन बसायचा. बाकड्यावर, गाड्या बघत. साडेदहा वाजून गेले की परत. १९३० साली काळारामाच्या सत्याग्रहात तो चौदा वर्षांचा पोरगा होता. २ मार्चला सत्याग्रह सुरू झाला तेव्हा गोदावरीच्या काठानं निघालेल्या माणसांत होता, आणि एप्रिलात रथाच्या दिवशी दगडफेक झाली तेव्हाही होता. भुवईवर खूण होती. एकदाच बोलला तो त्या रामायणावर. म्हणाला, ‘तव्हा आम्ही त्याच्या दारात गेलो तर दगडं बसली. आता त्योच आलाय मपल्या दारात, आन् तुम्ही चपला काढून बसले.’ आई गप्प. मीही गप्प. पुढच्या रविवारी मी परत मामांकडं.

आता १९८८ कडं या. महाराष्ट्र शासनानं १९८७ मध्ये बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड काढला. त्यात ‘रिडल्स इन हिंदुइझम’. त्याला राम आणि कृष्ण यांच्यावरचं परिशिष्ट. जानेवारी ८८ मध्ये अमरावतीत खंडाची होळी झाली, परिशिष्ट काढून टाका म्हणून शिवसेना रस्त्यावर उतरली. आपल्या माणसांचा मोर्चा ५ फेब्रुवारीला मुंबईत निघाला. लाखांनी माणसं. नाशिकरोडहून आम्हीही गेलो, पोरं दारात लोंबकळत. घसा फुटेस्तोवर घोषणा दिल्या. रामाला प्रश्न विचारायचा बाबासाहेबांचा हक्क म्हणजे आमचा हक्क, असं आम्ही मुंबईच्या रस्त्यावर ओरडून सांगितलं.

तो शुक्रवार होता. शनिवारी घरी. रविवारी सकाळी साडेनऊला मी कुठं होतो?

मामांकडं. चपला बाहेर.

हे मी हसण्यावारी नेलेलं नाही. बरीच वर्षं त्याच्यावर विचार केला. घसा अजून बसलेला होता आणि हात मांडीवर जोडल्यासारखे. मोर्चात फसवत होतो की टीव्हीपुढं? मला वाटतं, कुठंच नाही. मोर्चात माझं डोकं होतं आणि टीव्हीपुढं माझं शरीर. शरीराला हजार वर्षांची सवय. प्रवचन म्हटलं की खाली बसायचं, मान हलवायची. सागरनं नवीन काही केलं नाही, कीर्तनकाराच्या जागी पेटी ठेवली. संथ चाल, पात्रांच्या चेहऱ्यावर रेंगाळणारा कॅमेरा, कुणीही कुणाला तोडून बोलत नाही. त्यात प्रश्न विचारायला जागाच ठेवलेली नाही. आणि चॅनेल तर एकच. बघायचं तर हे, नाहीतर आजोबासारखं स्टेशन.

त्याहून एक गोष्ट टोचते. रिडल्सच्या वादात शेवटी तडजोड काय झाली? परिशिष्ट राहिलं, पण त्यातल्या मतांशी शासन सहमत असेलच असं नाही, अशा अर्थाची टीप आली. ठीक. पण दूरदर्शन कुणाचं होतं? तेही सरकारचंच, दिल्लीच्या. अठ्ठ्याहत्तर भाग सरकारी पेटीवरून रामकथा गेली, एकाही भागाखाली टीप नव्हती. बाबासाहेबांच्या पुस्तकाला टीप लागते, रामायणाला लागत नाही. टीव्ही बघणं फायद्याचं की तोट्याचं, याची चर्चा मला इथून सुरू करावीशी वाटते.

३१ जुलै ८८ ला राज्याभिषेक होऊन मालिका संपली. शंबूकाचं प्रकरण उत्तरकांडातलं, म्हणजे कथाच त्याच्या अलीकडं थांबवली. सोयीचं झालं! तेव्हा जालंधरच्या वाल्मीकी सफाई कामगारांनी संप केला, आमच्या वाल्मीकीचा भाग दाखवा म्हणून. सागरना पुढची मालिका काढावी लागली. आम्ही तेव्हा त्या लोकांना हसलो होतो. आता हसत नाही. ज्या हातांनी शहर झाडलं जातं त्यांनी झाडू खाली ठेवून दिल्लीला गोष्ट बदलायला लावली. एवढी ताकद आम्ही कधी दाखवली? पण मागितलं काय, तर त्याच देवळात आणखी एक कोनाडा. काळारामाच्या दारात आपणही पाच वर्षं झगडलो. पण १९३४ मध्ये बाबासाहेबांनी दादासाहेब गायकवाडांना पत्र लिहून तो मार्ग सोडायला सांगितलं. सत्याग्रह मूर्तिपूजेसाठी नव्हताच, आपल्या माणसाला जागं करण्यासाठी होता, हे स्पष्ट केलं. आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात धर्मांतराची घोषणा. इथून फार लांब नाही येवला.

‘महाभारता’ची गोष्ट वेगळी. बी. आर. चोप्रांची ती मालिका, संवाद राही मासूम रझांचे. २ ऑक्टोबर ८८ ला सुरू झाली. तिच्यात माणसं भांडतात, वाद घालतात, म्हणून ती मला रामायणापेक्षा आवडली, अजून आवडते. आमच्या वस्तीतल्या पोरांचा हिरो अर्जुन नव्हता, कर्ण होता. रंगभूमीवर त्याला कुळ विचारतात, सूतपुत्र म्हणून हिणवतात, तेव्हा मामांच्या खोलीत टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता. प्रत्येकाला आपली शाळा आठवत होती. कुणाला ऑफिस. पण जरा थांबा. कर्ण शेवटी कोण निघाला? कुंतीचा मुलगा. क्षत्रियच! म्हणजे सूताच्या घरचा पोरगा धनुष्य चालवू शकतो हे कथेला मान्यच नाही. गुण दिसला की रक्त वरचं असलंच पाहिजे. आपण दीड वर्ष ज्याच्यासाठी जीव टाकला तो आपला नव्हताच. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. तुम्हाला सांगतोय.

सत्यजित राय यांच्या ‘सद्गती’वर थोडक्यात. प्रेमचंदांच्या कथेवर दूरदर्शनसाठी १९८१ मध्ये केलेला छोटा चित्रपट. उपाशीपोटी लाकूड फोडता फोडता मेलेल्या दुखीचं प्रेत शेवटी ब्राह्मणाला दोरी बांधून स्वतः ओढावं लागतं. कलाकृती मोठी, वाद नाही. पण मेलेली ढोरं ओढणं ज्या समाजानं नाकारलं त्या समाजातला मी, आणि पडद्यावर आमचा माणूस येतो तो मरायला. एकदा बघा. दुसऱ्यांदा बघायची इच्छा झाली तर स्वतःला विचारा, कशासाठी.

आता पोरांच्या आवडत्या मालिकेकडं. ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर – महामानवाची गौरवगाथा’, स्टार प्रवाह, १८ मे २०१९ पासून. त्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती. बाबासाहेब सागर देशमुख, रमाई शिवानी रांगोळे. आमच्या गल्लीत त्या वेळेला रस्ता रिकामा. माझी आई, तीच, पदर डोक्यावर घेणारी, आता ऐंशीच्या घरातली, खुर्ची ओढून समोर. मी रडलो, लपवत नाही. रमाईच्या घरातली चूल बघून आमच्या घरात कोण रडलं नाही? शिवाय ज्या मराठी चॅनेलांवर वर्षानुवर्षं हळदीकुंकू, वटपौर्णिमा आणि वाड्यातल्या सासवा, त्यांच्यावर रोज ‘जय भीम’ ऐकू आलं. याची किंमत कमी करणारा माणूस पुण्या-मुंबईच्या फ्लॅटात वाढलेला असणार.

पण आई कशी बसली होती ते मी बघितलं. हात तसेच, जोडलेले.

माझी तक्रार नटावर नाही. देशमुखांनी मेहनत घेतली. तक्रार साच्यावर आहे. बाबासाहेब बोलायला लागले की भोवतालचे सगळे श्रोते होतात. पार्श्वसंगीत उठतं, चेहरा तीन बाजूंनी दिसतो, मग साबणाची जाहिरात. साचा सागरचाच, फक्त मूर्ती आपली. शीर्षकच बघा, गौरवगाथा. गौरव झाला की माणूस घरी जातो. आता हा साचा काळारामाच्या सत्याग्रहाला लावून बघा. ऑक्टोबर १९३० मध्ये बाबासाहेब गोलमेज परिषदेला विलायतेला निघाले. इथं मोर्चा कुणी धरला? दादासाहेब गायकवाडांनी, अमृतराव रणखांब्यांनी, आणि ज्यांची नावं कुठल्याच खंडात नाहीत अशा बायका-माणसांनी. माझ्या आज्याला दगड बसला तेव्हा तो कुणाच्या क्लोजअपमध्ये नव्हता. एका नायकाची मालिका ही गोष्ट दाखवू शकत नाही, कारण ऑक्टोबरात नायक बोटीवर आहे. आणि कार्यकर्त्याला नेमकी हीच गोष्ट बघायची गरज आहे : नायक बोटीवर असताना काय करायचं.

लॉकडाऊन लागला तेव्हा २८ मार्च २०२० ला दूरदर्शननं रामायण परत काढलं. १६ एप्रिलच्या भागाला पावणेआठ कोटींच्या आसपास माणसं होती असा दूरदर्शनचा दावा. त्याच्या दोनच दिवस आधी आपण जयंती दारं बंद करून, घरात मेणबत्ती लावून केली. मामा आता नाहीत. मामीनं त्या दिवसांत काय लावलं ते मी विचारलं नाही. धीर झाला नाही.

घरातली भाची म्हणते, मामा, तुम्ही जुनंच धरून बसता, ‘मेड इन हेवन’ बघा. बघितला. २०२३ च्या हंगामातला नीरज घायवाननं दिग्दर्शित केलेला भाग. राधिका आपटे दलित लेखिका झाली आहे आणि आपलं लग्न बौद्ध पद्धतीनं झालंच पाहिजे म्हणून हटून बसते. बाकी सगळी मालिका दिल्लीच्या श्रीमंतांच्या लग्नांची, तिच्याशी आपलं देणंघेणं नाही. पण हा भाग भाचीनं तीनदा बघितला. कारण विचारलं तर म्हणाली, ‘ती रडत नाही, मागते.’ एवढं नेमकं परीक्षण मला सहा पानांत जमलं नाही.

ठरावाबद्दल विचाराल तर मी विरोधात हात वर करीन. बंदीनं सवय जात नाही, लपते. माझी लपलीच होती की, शुक्रवार ते रविवार. त्याऐवजी श्याम बेनेगलांची ‘संविधान’ बघू असं मी सुचवलं. राज्यसभा टीव्हीवर २०१४ मध्ये दहा भाग झाले. सुरुवात २ मार्चला, काळारामाच्या तारखेलाच, आणि आपल्याला पत्ता नाही. सचिन खेडेकर बाबासाहेब. युट्यूबवर फुकट आहे. रमाईची चूल नाही, डोळ्यांत पाणी नाही, नुसती माणसं सभागृहात एकमेकांना तोडतात. बाबासाहेबांनाही उलट प्रश्न येतात आणि ते कागद काढून उत्तर देतात.

विहारात लावली. खरं सांगतो, पहिल्या भागाला चाळीस माणसं, दुसऱ्याला बावीस, तिसऱ्याला अकरा. कंटाळवाणी आहे, पोरं म्हणाली. आहेच. तिसऱ्या भागाच्या मध्यात एक कॉलेजची पोरगी उठली नि म्हणाली, ‘थांबवा.’ लॅपटॉप थांबवला. तिनं विचारलं, ‘या सगळ्या सभेत आपली बाई एकतरी होती का?’ अकरा जणांत कुणालाच सांगता आलं नाही. मलाही नाही. अर्धा तास वाद झाला, भाग तसाच राहिला, वॉचमन किल्ली वाजवत उभा.

दुसऱ्या दिवशी विहाराच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं होतं : दाक्षायणी वेलायुधन, केरळ, संविधान सभेतली एकमेव दलित स्त्री. खाली, बारीक अक्षरात : चौथा भाग रविवारी, सकाळी साडेनऊ.