‘खाली’ भूमीचे वाचन

प्रवासवर्णनाची समीक्षा आपल्याकडे अजूनही ‘निसर्गवर्णने’, ‘व्यक्तिचित्रे’, ‘भाषाशैली’ अशा ठरीव प्रकरणांतून चालते. पदव्युत्तर प्रबंधिकांत तर ही प्रकरणे आधी तयार असतात, पुस्तक नंतर निवडले जाते. प्रवासी कोठे उभा राहून पाहतो, आणि ज्या भूमीकडे तो पाहतो तिचे वाचन तेथील माणसे कसे करतात, हा प्रश्न या पद्धतीत उपस्थितच होत नाही. विल्फ्रेड थेसिजरच्या ‘अरेबियन सँड्स’ (१९५९) या ग्रंथाच्या आधारे तो येथे मांडावयाचा आहे.

टोळधाडीच्या प्रतिबंधासाठी स्थापन झालेल्या एका ब्रिटिश यंत्रणेच्या वतीने थेसिजर ऑक्टोबर १९४५ मध्ये आजच्या ओमानातील सलाला येथे पोहोचला. पुढील काही वर्षांत त्याने रब अल-खाली हे सुमारे साडेसहा लाख चौरस किलोमीटरचे वाळवंट उंटांवरून व पायी दोनदा ओलांडले. बर्ट्रम टॉमस (१९३०-३१) आणि फिल्बी (१९३२) हे युरोपीय त्याच्या आधी तेथे जाऊन आले होते. तेव्हा ‘पहिलेपणा’चा मान त्याच्याकडे नाही, आणि ग्रंथाचे महत्त्वही त्यात नाही.

‘रब अल-खाली’ म्हणजे ‘रिकामा चतुर्थांश’. पण हे नाव नकाशावरचे. तेथे वावरणारे बदू या प्रदेशाला नुसते ‘अर्-रिमाल’, म्हणजे ‘वाळू’, म्हणतात, ही नोंद खुद्द थेसिजरचीच आहे. एका नावात अभाव आहे, दुसऱ्यात वस्तू आहे. मराठी वाचकाला येथे एक सोय आहे. ‘खाली’ हा शब्द आपल्याकडेही आला, आणि ‘घर खाली करणे’ या प्रयोगात तो केवळ रिकामेपण सांगत नाही, रिकामे करवून घेण्याची क्रियाही सांगतो. सलालामागच्या डोंगरांची समुद्राकडील बाजू नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे जून ते सप्टेंबर या काळात हिरवी होते. त्या ऋतूला तेथे ‘खरीफ’ म्हणतात. मूळ अरबीत शरद ऋतू असा अर्थ असलेला हाच शब्द आपला ‘खरीप’ होय. हा भाग आपण समजतो तितका परका नाही, एवढेच यावरून सुचवायचे आहे.

मेरी लुईझ प्रॅट यांनी ‘इम्पीरियल आइज’ (१९९२) मध्ये दाखवले आहे की, उंचावर उभा राहून प्रदेश न्याहाळणारा प्रवासी त्या न्याहाळण्यातूनच त्यावर स्वामित्व सांगत असतो. सैद यांच्या ‘ओरिएन्टॅलिझम’ (१९७८) नंतर असे वाचन फार सोपे झाले आहे. इतके सोपे, की मूळ ग्रंथ न वाचताही ते करता येते. थेसिजरच्या बाबतीत मात्र ते अडते. उरूक अल-शैबा येथील प्रचंड टेकड्यांसमोर येताच उंट येथून पार होणार नाहीत, असे निवेदकाला वाटते. वाट सापडते ती मुहम्मद अल-औफ या रशीद टोळीतील वाटाड्याला. उंचावरची जागा निवेदकाची असली, तरी त्या जागेवरून दिसणाऱ्याचा अर्थ त्याला लागत नाही.

याहून बोलका प्रसंग पाऊलखुणांचा आहे. वाळूवरील उंटांचे माग पाहून सोबतचा एक म्हातारा बदू सांगतो: स्वार किती होते, कोणत्या टोळीचे, कोणावर धाड घालून आले, उंटांना पाणी कोठे पाजले आणि येथून किती दिवसांपूर्वी गेले. पुढे हे सारे खरे ठरते. निवेदकाला जे कोरे पान दिसते त्यावर दुसऱ्याला मजकूर दिसतो. प्राचीन अरबी कसीद्याचा आरंभ उठून गेलेल्या तळाच्या खुणांपाशी थांबण्याने होतो, आणि लबीदसारखा कवी त्या खुणांना लेखनाची उपमा देतो, हे येथे आठवावे. बदूंची ही साक्षरता थेसिजर प्रामाणिकपणे नोंदवतो. ग्रंथाचे खरे सामर्थ्य अशा जागी आहे. सूर्यास्तांच्या वर्णनांत नव्हे.

परंतु हाच निवेदक त्या माणसांना बदलण्याचा अधिकार नाकारतो. वाळवंटातील खडतरपणा हाच त्यांच्या उदात्ततेचा उगम, म्हणून मोटार आली की उदात्तता संपली, असे त्याचे समीकरण आहे. १९७७ मध्ये तो ओमान व अबूधाबी येथे परत गेला तेव्हा जे दिसले त्याने तो व्यथित झाला. हा विलाप खरा आहे, पण त्याची किंमत कोणी मोजायची? थेसिजरला उपासमार ही निवड होती आणि सलीम बिन कबीनाला ती परिस्थिती होती. आपण काढलेले नकाशे अधिक ऐहिक हेतूच्या लोकांना उपयोगी पडले, हे तो मान्य करतो. मात्र त्याच्या विलापात ही कबुली विरून जाते.

नकाशामागून जे आले ते अब्दुर्रहमान मुनीफ (१९३३–२००४) यांच्या ‘मुदुन अल-मिल्ह’ या पाच खंडांच्या कादंबरीत आहे. १९८४ च्या पहिल्या खंडात, ‘अत्-तीह’मध्ये, तेलाच्या शोधात आलेले अमेरिकन वादी अल-उयून या हिरव्या वस्तीत उतरतात. येथे दृष्टीची दिशा उलटते. हे परके काय लिहितात, काय मोजतात, दगडमाती कशाला गोळा करतात, हे वस्तीतील माणसे न्याहाळतात आणि त्यावर तर्क करतात. मग वस्ती उठवली जाते. भूमी ‘खाली’ होते. मुतइब अल-हझाल उंटावर बसून निघून जातो आणि पुढे अफवेसारखा कथानकात फिरत राहतो.

मुनीफ यांची आरंभीची वादी जरा जास्तच सुखी आहे, हा आक्षेप मला मान्य आहे. थेसिजरची स्मरणव्याकुळता त्यांच्यातही आहे. परंतु जॉन अपडाइक यांचा १९८८ चा आक्षेप वेगळा होता: कथन पुरेसे पाश्चात्त्य नसल्याने ते कादंबरी वाटत नाही, असा. मुतइब मध्येच नाहीसा होतो आणि कथन गावाच्या तोंडून, ‘कोणी म्हणाले’, ‘काहींच्या मते’ असे चालते, हे खरे आहे. पण परक्या प्रवाशाकडे पाहणारा डोळा एकट्याचा असू शकत नाही. पाऊलखुणा वाचणारा म्हातारा बदू जे जाणतो, ते त्यानेही टोळीकडूनच ऐकलेले असते.