पुन्हा भेटणारा प्रतिस्पर्धी : ऑनलाइन स्पर्धात्मक गेममध्ये स्नेह कुठून येतो?

या टिपणात आपण एकच प्रश्न घेणार आहोत. ज्या ऑनलाइन गेममध्ये माणूस माणसाविरुद्ध खेळतो, तिथे हरलेला खेळाडू दुसऱ्या दिवशी त्याच लोकांत हसत परत का येतो? आणि काही गेममध्ये जिंकणाराही कडवट होऊन का उठतो? गेम चांगले की वाईट, अभ्यासाचे नुकसान होते की नाही, हा वाद इथे नाही. तो घरी पुरेसा होतो. आपण रचनेची समीक्षा करणार आहोत. पूर्वतयारी म्हणून पहिल्या वर्षाची संभाव्यता आठवत असेल तर पुरे.

मी चेन्नईच्या पश्चिमेला आवडी येथे अभियांत्रिकीच्या मुलांना शिकवतो. (गावाचे नाव मराठी कानाला गोड लागते, प्रत्यक्षात हे रणगाड्यांच्या कारखान्याचे गाव आहे.) वसतिगृहात संध्याकाळी हेडफोन लावून खेळणारी मुले तमिळ, तेलुगू, हिंदी, कधी मराठीही बोलतात, पण हरल्यावरची शिवी बहुतेक एकाच धाटणीची असते. मुलांना विचारले तर उत्तर मिळते, "सर, गेमच टॉक्सिक आहे." हे उत्तर मला अर्धेच पटते. गेम म्हणजे काय टॉक्सिक? बंदुका? बुद्धिबळातही राजाला कोंडूनच मारतात.

गेम कंपन्यांचे नेहमीचे उत्तर म्हणजे रिपोर्टचे बटण, म्यूट, बॅन आणि आचारसंहितेचे पान. हे सगळे लागते, त्याबद्दल वाद नाही. पण ही साफसफाई झाली. गटार साफ असले म्हणून गल्लीत शेजार तयार होत नाही. काही कंपन्यांनी एक पाऊल पुढे टाकले. 'ओव्हरवॉच'मध्ये २०१८ साली मॅच संपल्यावर इतर खेळाडूंना शाबासकी देण्याची सोय आली, आणि तिचा एक प्रकार, खिलाडूवृत्तीचा, विरुद्ध संघातल्या माणसालाही देता येत असे. कल्पना चांगली. तरी माझे मत असे की, ज्याला उद्या ओळखणारच नाही त्याला दिलेली शाबासकी म्हणजे टोल नाक्यावरचे 'धन्यवाद'. ती खोटी नसते, पण तिच्यातून काही उगवत नाही.

आता थोडे गणित. रॉबर्ट अॅक्सेलरॉड या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाने १९८४ च्या आपल्या पुस्तकात सहकार्य कसे टिकते याची मांडणी केली. त्यासाठी त्याने वापरलेला खेळ सोपा आहे. दोघेही नीट वागले तर प्रत्येकाला ३ गुण. एक नीट वागला आणि दुसऱ्याने दगा दिला, तर दगा देणाऱ्याला ५ आणि भल्या माणसाला ०. दोघेही दगाबाज, तर प्रत्येकी १. एकदाच खेळायचे असेल तर हिशेबी माणूस दगाच देईल. पण पुन्हा भेट होण्याची संभाव्यता 'प' आहे असे धरा, आणि एकदा फसवले की समोरचा पुढे कधीच विश्वास ठेवणार नाही असेही धरा. मग नीट वागण्याची एकूण कमाई ३/(१−प), आणि दगा देण्याची ५ + प/(१−प). नीट वागणे परवडण्यासाठी ३ ≥ ५ − ४प हवे, म्हणजे प किमान १/२ हवा. हे वहीत स्वतः सोडवून पाहा, दोन ओळींचे काम आहे.

म्हणजे माणसांचे स्वभाव न बदलता, केवळ पुन्हा भेटण्याची शक्यता निम्म्यावर नेली, की नीट वागणे फायद्याचे होते. गेममधली शिवीगाळ अगदी या सारणीत बसत नाही हे मान्य. शिवी देऊन कोणाला ५ गुण मिळत नाहीत, क्षणभर बरे वाटते इतकेच. पण दिशा तीच आहे.

हे आकडे बॅटल रॉयल गेमला लावून बघू. एका लॉबीत १०० खेळाडू. समजा त्या वेळी १ लाख खेळाडू रांगेत आहेत आणि सर्व्हर त्यांतून कोणालाही उचलतो. आज ज्याने तुम्हाला मारले तो पुढच्या मॅचमध्ये तुमच्यासोबत असण्याची शक्यता ९९ भागिले ९९,९९९, म्हणजे सुमारे हजारात एक. निम्म्याच्या जवळपासही नाही. त्यात हरणे हा इथला नियमच. चार-चार जणांचे २५ संघ असतील तर सरासरीने २५ मॅचमध्ये २४ वेळा तुम्ही हरणार. इतक्या वेळा हरायचे, आणि दर वेळी अनोळखी माणसाकडून! या रचनेत सभ्यता टिकली तर तो खेळाडूंचा मोठेपणा. डिझाइनरला त्याचे श्रेय घेता येणार नाही.

हे नेहमीच असे नव्हते. 'काउंटर-स्ट्राइक' १९९९ मध्ये 'हाफ-लाइफ'चे मॉड म्हणून आला. त्या काळी खेळाडू सर्व्हरची यादी उघडून त्यातला एक निवडायचा. सर्व्हर कोणीतरी स्वतः चालवलेला असे, त्याला अॅडमिन असे, आणि रोज येणारी तीच ती नावे असत. आपल्याकडे सायबर कॅफेत लॅनवर खेळणाऱ्यांना तर प्रतिस्पर्धी दोन खुर्च्या पलीकडे दिसायचा. शिव्या तेव्हाही होत्या, पण त्या देणाऱ्याचा चेहरा माहीत होता. पुढे २००४ च्या 'हॅलो २'सारख्या गेमनी स्वयंचलित मॅचमेकिंग रुळवले : बटण दाबा, बरोबरीचा खेळाडू मिळेल. सोय मोठीच झाली. पण सर्व्हरच्या यादीबरोबर ओळखीच्या नावांचा अड्डाही हळूहळू गेला. माझ्या मते गेल्या वीसेक वर्षांत ऑनलाइन स्पर्धेचे झालेले सर्वांत मोठे नुकसान हेच. त्याची चर्चा कमी होते, कारण ते सोयीच्या वेष्टनात आले.

चेन्नईतच याचे एक जुने उदाहरण आहे, आणि ते संगणकाच्या बाहेरचे आहे. मद्रासच्या सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रात ताल चेस क्लब होता. बुद्धिबळातले भारताचे पहिले इंटरनॅशनल मास्टर मॅन्युएल आरन यांनी तो सुरू केला आणि त्याला विश्वविजेत्या मिखाईल तालचे नाव दिले. १९८८ साली भारताचा पहिला ग्रँडमास्टर झालेला विश्वनाथन आनंद लहानपणी तिथे झटपट डाव खेळायला जाई. तिथली पद्धत अशी की जिंकणारा पटावर राहायचा आणि हरणारा उठून रांगेत मागे जायचा. पद्धत कठोर आहे. हरलात की खुर्ची गेली. पण नीट बघा, रांगेतला माणूस घरी जात नाही. तो उभा राहून पुढचा डाव बघतो, ज्याने हरवले त्याची चाल समजून घेतो, आणि थोड्या वेळाने त्याच माणसासमोर पुन्हा बसतो. आपल्या भाषेत सांगायचे तर त्या खोलीत 'प' जवळजवळ १ होता.

इथे एक आक्षेप तुमच्या मनात आला असेल, आणि तो रास्त आहे. नवशिक्याने त्या रांगेत किती वेळा उभे राहायचे? रेटिंगचे सूत्र सांगते की २०० गुणांचा फरक असेल तर वरच्या खेळाडूला डावामागे सरासरी ०.७६ गुण मिळावेत, ४०० चा असेल तर ०.९१. सतत नव्वद टक्के हरणारा माणूस आठवड्याभरात सोडून जाईल. मॅचमेकिंगने हा प्रश्न खरोखर सोडवला, म्हणून त्याला सरसकट नावे ठेवणे मला मान्य नाही. प्रश्न असा आहे की बरोबरीचा प्रतिस्पर्धी आणि ओळखीचा प्रतिस्पर्धी एकाच माणसात मिळू शकतो का?

'लिचेस'ने याचे सगळ्यांत चांगले उत्तर दिले आहे, असे मला वाटते. फ्रान्सच्या थिबो द्युप्लेसी या प्रोग्रामरने २०१० मध्ये सुरू केलेली ही बुद्धिबळाची साइट मुक्तस्रोत आहे, जाहिराती नाहीत, खर्च देणग्यांवर चालतो. तिच्या पटाभोवतीची बटणे एकदा टीकाकाराच्या नजरेने पाहा. डाव संपताच 'पुन्हा खेळू' हे बटण समोर येते. चूक झाली तर चाल परत मागता येते, आणि देणे न देणे प्रतिस्पर्ध्याच्या हातात असते. शिवाय समोरच्याच्या घड्याळात १५ सेकंद घालण्याचे एक छोटे अधिकचे चिन्ह आहे. विचार करा : स्पर्धेच्या ऐन मध्यात प्रतिस्पर्ध्याला मदत करण्याचे बटण! त्याचे इंटरनेट अडखळले हे दिसले तर तुम्ही त्याला वेळ देऊ शकता. बहुतेक लोक ते दाबत नसतील. पण ते तिथे आहे म्हणून न दाबणे हीदेखील तुमची निवड ठरते. औदार्याला कृती लागते, आणि ती कृती डिझाइनरने बनवून ठेवावी लागते. डावानंतरचे विश्लेषण दोघांनी मिळून करण्याची बुद्धिबळातली जुनी रीतही तिथे सहज पाळता येते.

आता आपल्या जवळचे उदाहरण घेऊ, कारण परदेशी गेमची स्तुती करून थांबणे सोपे असते. पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीचा 'इंडस' हा बॅटल रॉयल गेम ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. त्यात दोन गोष्टी लक्ष देण्यासारख्या आहेत. एक, शेवटच्या टप्प्यात कॉस्मियम नावाची वस्तू ताब्यात घेऊनही जिंकता येते, म्हणजे सगळ्यांना मारणे हा एकच मार्ग उरत नाही. दुसरी गोष्ट आपल्या विषयाच्या गाभ्याची : 'ग्रज'. ज्याने तुम्हाला मारले त्याच्यावर खूण करायची आणि त्याच्याशी हिशेब चुकता करायची संधी मिळवायची. मराठीत याला नेमका शब्द आहे, खुन्नस.

पहिल्या वाचनात हे मैत्रीच्या उलट वाटते, आणि माझे काही विद्यार्थी तसेच म्हणतात. माझे मत वेगळे आहे. हजारात एक असलेली पुनर्भेट मुद्दाम घडवून आणणारी ही यंत्रणा म्हणजे समस्येचे निदान कोणीतरी बरोबर केल्याची खूण आहे. गल्ली क्रिकेटमध्ये खुन्नस आणि दोस्ती एकाच पोरांत असते, ज्याचा यॉर्कर खेळता येत नाही त्याच्याच घरी जाऊन "येतोस का?" म्हणून हाक मारली जाते. माझी तक्रार एवढीच की खुन्नशीचा दरवाजा एकाच बाजूला उघडतो. मला मारणाऱ्यावर खूण करता येते. ज्याच्याशी झुंज रंगली, ज्याने पडलेल्या माणसावर नाच केला नाही, त्याच्यावर तशीच खूण का करता येऊ नये? यंत्रणा तीच, भावना दुसरी. पुनर्भेट घडवायची तर सुडाला आमंत्रण आहे आणि आदराला नाही, हा निव्वळ डिझाइनचा पक्षपात आहे. तो बदलता येण्यासारखा आहे, म्हणून त्यावर बोलायचे.

'लुडो किंग'बद्दल थोडक्यात. नवी मुंबईच्या गेमशन कंपनीचा हा २०१६ चा गेम २०२० च्या टाळेबंदीत घराघरांत पोचला. त्यात मला मोलाची वाटते ती खासगी रूमच्या कोडची सोय. मामा नागपूरला, भाची बंगळुरूला, कोड पाठवला की पट मांडला. सोंगटी मारली तर मामा चिडतो, पण रूम सोडून जात नाही. इथे स्नेह गेमने निर्माण केलेला नाही, तो घरून आणलेला आहे. गेमने फक्त त्याला बसायला जागा दिली. ओळख नसलेल्यांत स्नेह तयार करणे हे अवघड काम लुडोच्या वाट्याला येतच नाही.

आणि ओळखीच्या गटाचा धोकाही आहे. पाच-सहा मित्रांनी जमवलेला अड्डा त्यांना फार स्नेहाचा वाटतो. दारात उभ्या असलेल्या नव्या माणसाला तसा वाटतो का, हे कोणी विचारत नाही. वर्गातल्या मुलींना विचारून पाहा की त्या व्हॉइस चॅट का बंद ठेवतात, नाव मुलाचे का घेतात. ज्या अड्ड्यावर आवाज उघड केला की वागणूक बदलते, तिथे 'प' कितीही मोठा असला तरी उपयोग नाही, कारण त्या मुलीला दुसरी भेट नकोच असते. अॅक्सेलरॉडच्या सारणीत ही गोष्ट दिसत नाही. त्यासाठी सर्व्हरवर वडीलकीने वागणारा, आपल्याच मित्राला "हे इथे चालणार नाही" म्हणू शकणारा माणूस लागतो. तालमीत वस्ताद असतो तसा. कंपनीचा मॉडरेटर हे काम करू शकत नाही, कारण तो कोणाचा मित्र नसतो.

शेवटचा मुद्दा अड्ड्याच्या मालकीचा. पबजी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली. बीजीएमआय जुलै २०२१ मध्ये आला, जुलै २०२२ मध्ये अडवला गेला, मे २०२३ मध्ये परतला. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा विषय. पण ज्यांची ओळख फक्त गेममधल्या फ्रेंड लिस्टमध्ये होती, त्यांची ओळख कंपनीच्या सर्व्हरबरोबर बंद झाली. ज्यांच्याकडे एकमेकांचे फोन नंबर होते ते दुसरे काही खेळू लागले असतील. म्हणून कॉलेजात गट उभारायचा असेल तर गेम बदलला तरी टिकेल असा पत्ता त्याला आधी द्या : ठरलेला वार, ठरलेली वेळ, सर्वांची नावे असलेली एक यादी.

सरावासाठी : तुमच्या वसतिगृहात ४० जण खेळतात, एका मॅचला १० जण लागतात आणि दर मॅचला नव्याने चिठ्ठ्या टाकून माणसे निवडतात असे समजा. तुम्ही एका संध्याकाळी चार मॅच खेळलात, तर काल भांडण झालेला एक विशिष्ट माणूस किमान एकदा तुमच्यासोबत मैदानात असण्याची शक्यता १ − (३०/३९)^४, म्हणजे सुमारे ०.६५ येते. आता हेच उदाहरण ४०० जणांसाठी करा. मग सांगा, उत्तर पुन्हा निम्म्याच्या वर आणायचे असेल तर चिठ्ठ्या टाकण्याची पद्धत तुम्ही कशी बदलाल, आणि त्या बदलात पहिल्यांदाच खेळायला आलेल्या मुलीची जागा कुठे असेल.