खान्देशी स्वयंपाक कोणाच्या नावावर?

2018च्या डिसेंबरात नागपूरचे शेफ विष्णू मनोहर जळगावात आले आणि त्यांनी अडीच हजार किलो वांग्याचं भरीत करून विक्रम नोंदवला. त्याआधी 2016 मध्ये जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि केळीला भौगोलिक मानांकन मिळालं होतं. खान्देशच्या चवीचा असा गाजावाजा झाला याचा मला आनंद आहे. विक्रमासाठी पदार्थही नेमका निवडला होता, कारण भरीत हे मुळात चार माणसांचं जेवणच नव्हे. हिवाळ्यात शेतात पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, जाळावर हिरवट-पांढरी, कमी बियांची वांगी भाजायची, सोलून लाकडी भांड्यात ठेचायची, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे आणि कांद्याची पात यांची फोडणी द्यायची आणि पंगतीच्या पंगती उठवायच्या, ही यावल-रावेरकडची लेवा पाटलांची रीत. त्यात टोमॅटो नाही, गरम मसाला नाही. धुराची चव हाच त्याचा मसाला, आणि गॅसवर भाजलेल्या वांग्याला ती येत नाही.

पुण्या-मुंबईत ‘खान्देशी’ पाटी लावलेल्या हॉटेलात मात्र हे भरीत क्वचितच मिळतं. तिथे राज्य शेवभाजीचं. तीही खरीच आपली, पण ती रस्त्यावर वाढली. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. ढाब्याच्या हिशेबात शेवभाजी चपखल बसते: रस्सा उकळत ठेवायचा, गिऱ्हाईक बसलं की जाड तिखट शेव टाकायची. चांगल्या हाताची शेवभाजी मी आजही कोणत्याही पनीरच्या भाजीपेक्षा वरची मानतो. पण कांदा-खोबरं काळपट होईस्तोवर भाजून, पाट्यावर नाही तरी निदान घरच्या मिक्सरवर वाटलेला तो मसाला आता पाकिटातून येतो, आणि वर लाल तेलाचा तवंग आला की लोक त्यालाच खान्देशी म्हणतात. कळण्याची भाकरी, फुनके-कढी, डुबुक वडे हे सारं पाटीवर दिसतच नाही. ज्वारीत उडीद मिसळून दळायचे, तुरीची डाळ भिजवून वाटून वाफवायची, एवढी सवड हॉटेलच्या भटारखान्याला परवडत नाही.

सगळ्यात अवघड कला खापरावरच्या मांड्यांची. मऊसूत कणकेत पुरण भरून हातावर झुलवत झुलवत कोपरापर्यंत पसरायचं आणि फाटू न देता पालथ्या, तापलेल्या खापरावर टाकायचं. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि लग्नसराईत मांडे करणाऱ्या बायांना बोलावणी येतात. महोत्सवातल्या स्टॉलवर लोक त्यांच्या हातांचे व्हिडिओ काढतात. नाव विचारणारा एखादाच.

या स्वयंपाकात ओळख फार खोल रुतलेली आहे. श्रावणात कानबाई देवी बसते तेव्हा रोटांचे गहू घरातल्या माणसामागे मोजून घेतात, आणि रोट भाऊबंदांबाहेर कुणाला देत नाहीत. त्या श्रद्धेशी माझं भांडण नाही. माझं भांडण आहे ते याच्याशी, की साऱ्या प्रदेशाची म्हणून जी थाळी आपण जगापुढे मांडतो, तीही रोटासारखीच भाऊबंदकीतली राहिली आहे. साक्री-शिरपूरकडच्या भिल्ल-पावरांच्या घरातला मोह तिच्यात नाही. दलित वस्तीत उन्हात वाळवलेल्या मांसाच्या चान्या नाहीत, धुळे-रावेरच्या मुस्लिम घरांतली हंडी नाही. मराठवाड्याच्या बाबतीत शाहू पाटोळे यांनी 2015 मध्ये ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून हा हिशेब मांडला. खान्देशच्या स्वयंपाकावर लिहिणाऱ्यांनी तो धडा अजून पुरता घेतलेला नाही.

आणि हा प्रश्न नुसत्या थाळीचाही नाही. 2024च्या ऑगस्टमध्ये धुळे-मुंबई एक्सप्रेसमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या एका वृद्ध मुस्लिम प्रवाशाला, त्याच्या बरण्यांत गोमांस असल्याच्या संशयावरून, तरुणांनी इगतपुरीजवळ मारहाण केली. तो मुलीकडे निघाला होता. 2015 मध्ये दुरुस्त झालेल्या राज्याच्या कायद्याने गाय, बैल, वळू यांच्या कत्तलीवर बंदी आहे, म्हशीच्या मांसावर नाही. पण डब्यातल्या गर्दीला कायदा विचारायचा नव्हता. लेकीसाठी खायचं काही नेताना माणसाला भीती वाटावी, अशा प्रदेशात स्वयंपाकाची कला मोकळेपणाने वाढेल असं मला वाटत नाही.

खान्देशातला सगळ्यात मोठा भटारखाना कोणता, असं कुणी विचारलं तर मी शाळेकडे बोट दाखवीन. जिल्हा परिषदेच्या शाळांत रोज पोषण आहार रांधणाऱ्या बाया या आपल्या सर्वांत व्यस्त स्वयंपाकिणी. त्यांचं मानधन 2023 मध्ये दीड हजारावरून वाढवून महिना अडीच हजार रुपये केलं गेलं. त्याच वर्षी राज्याने मुलांना आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं. न खाणाऱ्यांसाठी केळी किंवा दुसरं फळ. जानेवारी 2025 मध्ये अंड्यांचा सरकारी पैसा थांबवला आणि हवं तर लोकवर्गणीतून द्या, असं शाळांना सांगितलं. ज्या पाड्यांवर मुलांच्या हाडांना अंड्याची गरज सर्वांत जास्त, तिथे वर्गणी कुठून जमणार? पातेल्यात काय पडावं हे त्या बाईला कुणी विचारत नाही, आणि तिच्या हातच्या खिचडीची समीक्षाही कुणी लिहीत नाही.

जळगाव-धुळ्यात खाद्यमहोत्सव भरवणाऱ्यांना माझी विनंती आहे. पुढच्या हिवाळ्यात भरिताच्या चुलीशेजारी पावरा बाईची चूल मांडा, धुळ्याच्या मुस्लिम आचाऱ्याला बोलवा, शाळेतल्या स्वयंपाकिणींना व्यासपीठावर बसवा. प्रत्येक चुलीवर रांधणाऱ्याचं पूर्ण नाव लिहा, आणि त्यांच्या कामाचे पैसे ठरवूनच त्यांना आमंत्रण द्या.