प्रतिकारशक्तीचा पुनर्लाभ आणि आपले उद्बोधनपर लेखन

एड्सविषयक उद्बोधनपर लेखनात, मग ते पथनाट्य असो वा पुस्तिका, कथेचा आकार बहुधा एकच आढळतो: चूक, तपासणी, मृत्यू. उपचार सामान्यांच्या आवाक्याबाहेर होते तोवर हा शेवट सर्वस्वी असत्य नव्हता. एप्रिल २००४ मध्ये शासनाने विषाणुरोधक औषधे मोफत देण्यास आरंभ केला आणि या आकाराचा आधार ढळला.

तथापि त्याची जागा घेणारी नवी कथाही निर्दोष नाही. तीत रुग्ण गोळी घेतो, ‘पेशी वाढतात’ आणि कथा संपते. वस्तुतः खरी कथा तेथूनच सुरू होते. पहिल्या काही महिन्यांत रक्तातील सीडी-४ पेशी झपाट्याने वाढतात, त्या मुख्यतः लसिकाग्रंथींत अडकलेल्या पेशी रक्तात परततात म्हणून. नव्या पेशींची निर्मिती ही वर्षानुवर्षे चालणारी मंद क्रिया होय. उतारवयात ती आणखी मंदावते. दर घनमिलिमीटर रक्तात २००हून कमी पेशी असताना ज्यांचे उपचार सुरू होतात, त्यांतील अनेकांची संख्या विषाणू दबूनही कित्येक वर्षे ५००पर्यंत पोचत नाही. पेशी घटण्याची वाट न पाहता निदान होताच औषध देण्याचे धोरण भारताने २०१७ मध्ये स्वीकारले, त्यामागे हेही एक कारण आहे.

विषाणू सुप्त पेशींत दडून राहतो आणि औषध थांबताच पुन्हा उसळतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्मार्ट’ चाचणीत, पेशी ३५०च्या वर असताना औषध थांबवून २५०च्या खाली गेल्यावर पुन्हा सुरू करणाऱ्या गटात आजार व मृत्यू अधिक आढळले. अर्थात ‘पेशी वाढल्या’ हे वाक्य कथेचा शेवट म्हणून वाचणे वाचकाच्या जिवावर बेतू शकते.

धाराशिव जिल्ह्यात हा दोष विशेष खटकतो. येथील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. फडावर राहणाऱ्या रुग्णाला केवळ पेशींचा आकडा माहीत असून भागत नाही. जवळच्या गोळ्या किती दिवस पुरतील आणि पुढच्या कोठून मिळतील, हेही त्यास ठाऊक असावे लागते.

प्रतिकारशक्तीचा पुनर्लाभ ही घटना नसून सातत्य आहे. ज्या कथेत पुढल्या महिन्याच्या गोळीचा प्रश्नच उद्भवत नाही, ती सुखान्त असूनही अपुरीच म्हणावी लागेल.